गाडीची उंची वाढवायचीय? आधी बसलेला इंच परत मिळवा, मग दोन इंचांच्या आत थांबा

अणदूर (ता. तुळजापूर) : पाऊस पडून गेला की आपल्याकडच्या पाणंद रस्त्यांची काय गत होते ते वेगळं सांगायला नको. काळी माती फुगते, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूला चाकोऱ्या खोल होतात आणि मधे उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्यावर बोलेरोचं बुड टेकलं की चाकं नुसती जागेवर फिरतात. मग ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, चार माणसं जमवा. ऊन पडून माती वाळली की तोच उंचवटा दगडासारखा कडक होतो आणि खालून चेंबर नाहीतर सायलेन्सर खरवडतो.

म्हणूनच सध्या गॅरेजवर आणि चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "गाडी दोन इंच उचलून घेऊ का?" मोबाईलवर उंच केलेल्या थारचे व्हिडिओ बघून तर हा विषय पोरांच्या डोक्यात पक्का बसलाय. पण आपली गाडी एकट्या हौशी पोराची नसते. सकाळी तीच गाडी शेतात जाते, दुपारी बाजार समितीत आणि रात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर त्याच गाडीतून म्हातारीला घेऊन हायवेनं सोलापूर गाठावं लागतं. त्यामुळं उंची वाढवताना शेतरस्ता आणि हायवे दोन्हीचा विचार करावा लागतो. काय होतं, कसं होतं, कायदा काय म्हणतो, ते सोप्या भाषेत बघू.

उंची म्हणजे नेमकी कुठली?

गाडीच्या बुडाचा सगळ्यात खालचा भाग आणि जमीन यातलं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे बोलेरोचा तो 180 मिलिमीटर आहे, मारुती जिम्नीचा 210 आणि 2020 साली आलेल्या नव्या थारचा 226. म्हणजे बोलेरो आणि थार यांच्यात साधारण पावणेदोन इंचांचा फरक. बोलेरोवाल्याला दोन इंच का हवे असतात, ते इथं कळतं.

पण इथंच एक मोठा गैरसमज आहे. बोलेरोच्या मागच्या बाजूला अख्खा ॲक्सल असतो आणि त्याच्या मधे डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा चाकांना जोडलेला आहे, बॉडीला नाही. तुम्ही पाटे किंवा स्प्रिंग बदलून बॉडी दोन इंच वर नेली तरी गोळा आहे तिथंच राहतो. वर जातं ते चेसिस, चेंबर, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, बंपर. गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठं टायर. त्यातही टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण निम्मा व्यास ॲक्सलच्या वर असतो.

हिशोब करून बघा. बोलेरोचं टायर 215/75 आर 15. त्याचा व्यास साधारण 703 मिलिमीटर. तिथं 235/75 आर 15 टाकलं तर व्यास 733 च्या आसपास. वाढ 30 मिलिमीटरची, पण गोळा वर गेला फक्त 15 मिलिमीटर. बोटाच्या जाडीएवढा. आणि त्या बदल्यात स्पीडोमीटर चुकतो. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी खरं तर 83 च्या पुढं असते. शिवाय टायर जड झाल्यानं उचल कमी होते, डिझेल जास्त जातं आणि ब्रेकवर ताण येतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी नेमकी कुठं घासते ते शोधणं. गाडी रॅम्पवर चढवा आणि खाली वाकून बघा. जिथं घासलंय तिथलं लोखंड चमकतं, रंग उडालेला असतो. गोळा घासत असेल तर स्प्रिंग बदलून काही उपयोग नाही. चेंबर किंवा चेसिसचा मधला भाग घासत असेल तर उंची वाढवून फायदा होईल. फक्त पुढचा बंपर किंवा मागचा हूक लागत असेल तर तेवढ्यासाठी अख्खी गाडी उचलायची गरज नाही.

आधी हरवलेली उंची शोधा

आठ-दहा वर्षं चाललेली गाडी नवी होती तेवढी उंच राहिलेली नसते. बोलेरोला मागं पाटे आहेत. सोयाबीनची पोती, खताच्या बॅगा, घरची सात-आठ माणसं असा भार वर्षानुवर्षं घेऊन पाट्यांची कमान सपाट होत जाते. पुढच्या कॉइल स्प्रिंगही थोड्या दबतात. रबरी बुश झिजतात. बघता बघता एखादा इंच कधी गेला ते कळतही नाही.

हे मोजायला मिस्त्री लागत नाही. गाडी सपाट सिमेंटवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा. चाकाच्या मधल्या टोपीपासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेपनं माप घ्या. चारही चाकांचं माप लिहून ठेवा. मग घरची सगळी माणसं बसवून परत मोजा. तुमच्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी गावात कुणाकडं असेल तर तिचंही माप घ्या. तुमची गाडी तिच्यापेक्षा खाली बसलेली निघाली, किंवा डाव्या-उजव्या बाजूत फरक आला, तर रोग सापडला.

मग इलाज सोपा आहे. पाटे उतरवून तपासायचे. चीर गेलेला पाटा असेल तर तो बदलायचाच, ठोकून चालवायचा नाही. नुसती कमान बसली असेल तर पाट्यांना परत बाक देता येतो, पण जुन्या पोलादाला दिलेला बाक पुन्हा लवकर बसू शकतो. पैशाची सोय असेल तर कंपनीच्या मापाचा नवा सेट टाकलेला बरा. सोबत बुश, शॅकलच्या पिना आणि गळणारे शॉकअप बदलून घ्यावेत. पुढच्या स्प्रिंग दबल्या असतील तर त्याही जोडीनं बदलाव्यात, एकच बदलू नये.

यात दोन फायदे आहेत. एक, गाडी मूळ उंचीला येते आणि बऱ्याच जणांचं घासणं तिथंच थांबतं. दोन, हे दुरुस्तीचं काम आहे, गाडीत फेरफार नाही. त्यामुळं कायद्याचा आणि विम्याचा प्रश्न येत नाही.

एवढं करूनही घासते, मग काय?

तेव्हा उंची वाढवण्याचा विचार करावा. कुटुंबाच्या गाडीला एक इंच भरपूर, दोन इंच म्हणजे शेवटची हद्द. त्याच्या पुढं गेलं की एक गोष्ट बदलल्यावर दुसरी बदलावी लागते आणि खर्चाला तळ राहत नाही. बाजारात जे प्रकार सांगतात ते असे :

1. जोडीची स्प्रिंग आणि शॉकअप : हा सगळ्यात बरा मार्ग. थोडी उंच स्प्रिंग किंवा पाटा आणि त्याच्या मापाचा शॉकअप एकत्र बसवतात. फक्त स्प्रिंग उंच केली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर खड्ड्यात चाक खाली गेलं की शॉकअप पूर्ण ताणून धक्का खातो आणि लवकर जातो.

2. जादा पाटा : मागं एक पाटा वाढवला की उंचीही वाढते आणि भारही पेलतो. ज्यांची गाडी रोज भरलेली असते त्यांना चालेल. पण रिकामी गाडी दणके देते, पाठीमागं बसलेली लेकरं उडतात. महिन्यातून चारदा पोती आणि रोज माणसं, असा वापर असेल तर हा सौदा परवडत नाही.

3. स्पेसर : स्प्रिंगच्या वर किंवा खाली जाड चकती टाकायची. स्वस्त आणि तासाभराचं काम, म्हणून गॅरेजवाले हेच आधी सांगतात. पण चकतीनं स्प्रिंगची ताकद वाढत नाही, दबलेली स्प्रिंग दबलेलीच राहते. थारसारख्या गाडीला पुढं स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात. तिथं वरच्या टोकाला एक इंचाची चकती टाकली तर चाकाजवळ उंची एक इंचापेक्षा जास्त वाढते, कारण शॉकअप चाकापासून आत बसवलेला असतो. हे माहीत नसलेला मिस्त्री दोन इंचाची चकती टाकतो आणि बॉलजॉइंट पार टोकाला नेऊन ठेवतो.

4. लांब शॅकल : पाट्याच्या मागच्या टोकाची शॅकल लांब करायची. दोन इंच लांब केली तर उंची मिळते साधारण एक इंच. यात ॲक्सल थोडा फिरतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि गाडी थरथरायला लागते. थोड्या दिवसांत क्रॉस जातो. वेल्डिंग करून शॅकल लांब करणारे तर अजिबात जवळ करू नयेत. वेल्डिंग तुटलं तर भर रस्त्यात ॲक्सल सरकतो.

5. बॉडी आणि चेसिसच्या मधे ठोकळे : यानं चेसिस वर जातच नाही, फक्त बॉडी वर जाते. घासायचं ते घासतच राहतं. शेतरस्त्यासाठी याचा उपयोग नाही.

वर गेल्यावर काय काय बदलतं

गाडी उंच झाली की तिचा तोल वरच्या बाजूला सरकतो. बैलगाडीत कडबा जास्त उंच रचला की वळणावर गाडी कलते, तसंच. समजा दोन चाकांमधलं अंतर 1400 मिलिमीटर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून 700 वर आहे. दोन इंच उचलल्यावर तो मध्य 740 च्या आसपास गेला तर उलटण्याविरुद्धची ताकद पाच टक्क्यांनी कमी झाली. ऐकायला थोडं वाटतं. पण त्यावर टपावर कॅरियर, कॅरियरवर सामान, मागं दाटीवाटीनं बसलेली माणसं हे सगळं मिळवा. मग तुळजापूरच्या घाटात किंवा हायवेवर अचानक जनावर आडवं आल्यावर स्टेअरिंग झटक्यात फिरवलं तर काय होईल याचा अंदाज करा.

बोलेरोच्या मागच्या बाकड्यावर माणसं आडवी, समोरासमोर बसतात. गाडी जास्त डोलायला लागली की सगळ्यात जास्त हाल त्यांचेच. तिथं बहुतेक वेळा लेकरं बसवलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

पुढं गोष्ट चढण्या-उतरण्याची. दोन इंच उंच गाडीत गुडघेदुखीच्या म्हातारीला पाय टाकणं जड जातं. नऊवारी नेसलेल्या बाईला तर जास्तच. पायरी लावली तर ती पायरीच चाकोरीत घासते. काम करायच्या आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला गाडीत चढून-उतरून बघायला सांगा, म्हणजे किती उंची झेपते ते घरच्या घरी कळेल.

हेडलाइटचा झोतही वर जातो. तो खाली बसवून घेतला नाही तर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो. आपल्या रस्त्यांवर रात्रीच्या अपघातांना एवढं कारण पुरतं.

पाण्यात गाडी घालायला ही उंची नाही

हे वेगळं सांगावं लागतंय, कारण उंच गाडी हाताखाली आली की ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायचा मोह होतो. 2025 च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात परंडा, भूम भागात पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते, पण ते थांबलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्याबद्दल. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी सरकवू शकतं आणि दोन फुटाला मोठ्या गाड्याही वाहून जातात. स्प्रिंग उंच केल्यानं इंजिनात हवा घेणारी नळी जेमतेम दोन इंच वर जाते, गाडीचं वजन वाढत नाही, आणि पाण्याखालचा पूल वाहून गेलाय का ते काही दिसत नाही. वाहतं पाणी दिसलं की थांबायचं. मूळ गाडीला हा नियम आहे तसाच उचललेल्या गाडीलाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि कलम 182 अ आलं. परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागं 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. शिक्षा गॅरेजवाल्याला नाही, मालकाला आहे. "सगळेच करतात" हे उत्तर तपासणीच्या वेळी चालत नाही.

विम्याचं तर त्याहून अवघड. फेरफार कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. एका इंचाच्या हौसेपायी लाखाचा दावा गेला तर काय कामाचं? वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शनची वॉरंटीही धोक्यात येते.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा ज्या कंपनीची गाडी त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, तुमच्या मॉडेलला त्यांच्याच यादीतला जड पाटा किंवा स्प्रिंग मिळते का. मग धाराशिवच्या आरटीओ कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच 25 च्या कार्यालयात, लेखी अर्ज देऊन विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. उत्तर कागदावर घ्या, तोंडी नको. परवानगी नाही म्हणाले तर मूळ उंचीवर थांबायचं.

काम करून घेताना

गॅरेजमध्ये जाताना ही यादी मोबाईलमध्ये ठेवा :

– कामाच्या आधी आणि नंतर चारही चाकांचं माप आणि फोटो घ्या.
– ब्रेकचे रबरी पाइप चाक पूर्ण खाली लोंबत असताना ताणले जात नाहीत ना, ते स्वतः बघा.
– स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठं घासत नाही ना ते बघा.
– फोर बाय फोर गाडी असेल तर पुढच्या शाफ्टचे रबरी बूट फाटलेले किंवा जास्त वाकलेले नकोत.
– व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करा. नाही केली तर टायर एका बाजूनं झिजून नवा टायर काही महिन्यांत वाया जातो.
– हेडलाइट खाली बसवून घ्या.
– पाट्यांचे यू-बोल्ट जुने परत वापरू देऊ नका. 500 ते 1000 किलोमीटर चालल्यावर ते परत आवळून घ्या.
– पहिले आठ दिवस गाडी रिकामी, कमी वेगानं चालवा. वळणावर आणि ब्रेकला ती कशी वागते ते हाताला कळू द्या. मग घरची माणसं बसवा.

रस्ताही उचलायचा आहे

शेवटी एक साधा हिशोब. पाणंदीवर पन्नास घरांच्या गाड्या जात असतील तर पन्नास गाड्या उचलण्यापेक्षा एक रस्ता उचलणं स्वस्त पडतं. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारनं 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, त्यात रोजगार हमीतून रस्त्याचं काम घेता येतं. त्यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. असलेला रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते. तोवर पावसाळ्यात चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गावातल्या ट्रॅक्टरच्या फळीनं महिन्यातून एकदा पाडून टाकला आणि खोल जागी मुरूम टाकला, तरी बऱ्याच गाड्यांचं बुड वाचतं.

गाडी घासत असेल तर या रविवारी टेप घ्या आणि मापं लिहून काढा. पाटे बसलेत का ते आधी कळू द्या. त्यानंतरच गॅरेजवाल्याशी भावाची बोलणी करा.